पहिला टर्नटेबल घेताना पैसे सुईपाशी घाला

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, दुकानात किंवा ऑनलाइन बघण्याआधी घरातल्या रेकॉर्डी माळ्यावरून खाली काढा, सतरंजीवर पसरा आणि दोन गठ्ठे करा. हातात जड लागणाऱ्या, पडल्या तर तुकडे होतील अशा, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजणाऱ्या एकीकडे. त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. हलक्या, किंचित वाकणाऱ्या दुसरीकडे. त्या व्हिनाइलच्या: ३३⅓ फेऱ्यांच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या एलपी आणि ४५ च्या छोट्या ईपी. शंका आली तर मधल्या लेबलवर वेग बघा, नुसत्या आकारावर जाऊ नका. दहा इंची तबकडी ७८ चीच असते असं नाही.

हे आधी सांगते, कारण मराठी घरांत आजोबांच्या पेटीतून निघतं ते बऱ्याचदा ७८ चं असतं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची पदं मुळात याच तबकड्यांवर आली. एलपी जगात १९४८ साली आली, तरी आपल्याकडे १९६० च्या दशकातही ७८ च्या रेकॉर्डी निघत होत्या. आणि आज परवडणाऱ्या किमतीत मिळणारे बहुतेक टर्नटेबल फक्त ३३ आणि ४५ वाजवतात.

बरं, नुसता वेग मिळूनही भागत नाही. ७८ ची खाच रुंद असते. तिच्यासाठी सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं लागतं, एलपीच्या सुईचं असतं १८ च्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, तिथली सगळी धूळ खरवडत राहते, आवाजापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईही झिजते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. ७८ च्या पाच-सातच असतील तर त्यांच्यासाठी टर्नटेबल निवडू नका. ज्याच्याकडे नीट व्यवस्था आहे अशा संग्राहकाकडून त्या एकदा डिजिटल करून घ्या. पन्नास-साठ असतील तर मात्र तीन वेगांचा आणि सुई बदलता येणारा टर्नटेबलच घ्या, थोडे महिने थांबावं लागलं तरी चालेल.

मी डोंबिवलीत कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. घरी वडिलांच्या शास्त्रीय संगीताच्या एलपी आहेत आणि ऐकायची जागा म्हणजे दहा बाय बाराचा हॉल. सोसायटीतली, ओळखीतली तरुण मुलं रेकॉर्डी ऐकायला लागली की विचारायला येतात, तेव्हा मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: प्लेअर पुन्हा विकत मिळेल, भीमसेनजींची ती जुनी, एचएमव्हीच्या दमदम कारखान्यातली एलपी त्याच अवस्थेत पुन्हा मिळेलच असं नाही. त्यामुळे यंत्रातला जो भाग रेकॉर्डला शिवतो, त्यावर आधी खर्च करा. लाकडी फिनिश, दिवे, यूएसबी, ब्लूटूथ हे सगळं नंतर.

सुटकेससारखे दिसणारे, झाकण उघडलं की वाजणारे प्लेअर भेट म्हणून फार दिले जातात. छान दिसतात, स्वस्त असतात आणि तेच मी घेऊ देत नाही. सुई ज्यात बसते आणि जो तिची थरथर विजेत बदलतो तो भाग म्हणजे कार्ट्रिज. त्यांत बहुतेक वेळा ते सिरॅमिक असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो. साध्या चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (आत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. तीन-चार ग्रॅमांनी काय बिघडतं, असं मुलं विचारतात. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. सुई खाचेला जिथे टेकते ते क्षेत्रफळ डोळ्यांना दिसणारही नाही इतकं लहान आहे, त्यामुळे एकेक ग्रॅम मोजून घ्यावा लागतो. त्यात स्पीकर त्याच पेटीत बसवलेले, म्हणजे त्यांचा हादरा थेट सुईला. आवाज वाढवला की सुई उडते, आणि मग लोक रेकॉर्डला दोष देतात. आपल्याकडच्या घरांतून निघणारे जुने एचएमव्ही फिएस्टासारखे पोर्टेबल आठवण म्हणून जरूर जपा. चांगली स्टिरिओ एलपी मात्र त्यांच्यावर रोज वाजवू नका.

मग माहितीपत्रकात काय शोधायचं? कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट आहे का, सुईचा भार किती ग्रॅम लिहिलाय, आणि सुई वेगळी विकत मिळते का. ही तीन उत्तरं मिळत नसतील तर ती वस्तू सोडून द्या, किंमत कितीही कमी असो.

सगळ्यात खालच्या पायरीवर मी डोळे झाकून सुचवते तो ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स. पूर्ण ऑटोमॅटिक आहे. बटण दाबलं की सुईचा हात (टोनआर्म) स्वतः उचलला जातो, बाजू संपली की जागेवर परत येतो. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, त्यांचा हात थरथरत असेल, तर ही सोय फार मोलाची. वजन लावणं, कार्ट्रिज जुळवणं काही नाही. मर्यादाही याच सोयीतून येते: भार कारखान्यातच ठरलेला आणि कार्ट्रिज बदलता येत नाही. एटीएन३६००एल नावाची सुई तेवढी बदलता येते, पण ती स्वस्त असते आणि सहज मिळते. जोडणी करताना, रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात त्या फिरत्या तबकडीच्या खिडकीतून लाल फितीने पट्टा ओढून मोटरच्या पितळी पुलीवर चढवायचा असतो. पट्टा पुलीवर नसेल तर तबकडी फिरतच नाही, आणि नवीन प्लेअर बिघडलेला आला म्हणून परत पाठवला जातो. सोनीचा पीएस-एलएक्स३१०बीटी साधारण याच जातीचा, ब्लूटूथसह.

थोडे जास्त पैसे असतील आणि पुढे सुधारणा करत जायची हौस असेल तर एटी-एलपी१२०एक्स. यात पट्टा नाही, मोटर थेट तबकडी फिरवते (डायरेक्ट ड्राइव्ह). ३३, ४५, ७८ तिन्ही वेग आहेत, सुईचा भार लावायला हाताच्या मागे फिरवायचं वजन आहे. त्यावर येणारं एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिज मला विशेष आवडतं, कारण त्याच अंगावर त्या मालिकेतल्या सगळ्या सुया बसतात: साधी, लंबवर्तुळाकार, मायक्रोलिनिअर (जास्त बारीक घडवलेली), आणि ७८ साठीची जाड सुईसुद्धा. पेटीतल्या नाट्यपदांचा प्रश्न एका सुईत सुटतो. सुई बदलली की भार मात्र त्या सुईच्या आकड्याप्रमाणे पुन्हा लावायचा.

रेगाचा प्लॅनर १ आणि प्रो-जेक्टचे साधे टर्नटेबल कानाला गोड लागतात हे खरं. पण प्लॅनर १ मध्ये फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि ३३ वरून ४५ वर जायला तबकडी काढून पट्टा हाताने सरकवावा लागतो. ईपी जास्त ऐकणाऱ्याला याचा कंटाळा येतो. पट्टा बरा की डायरेक्ट ड्राइव्ह, या वादात या किमतीला पडू नका.

फोनो प्रीअँपचं मात्र नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथून येतात. खाच कोरताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे सूर वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या लाटा शेजारच्या खाचेत घुसल्या असत्या. वाजवताना हे उलटं करावं लागतं. त्याचा आरआयएए नावाचा तक्ता १९५४ पासून सर्वमान्य आहे. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून निघतात ते जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट. ते थेट अँप्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या साध्या ऑक्स इनपुटला जोडलं तर आवाज बारीक आणि पातळ येतो, तबला तर गायबच. वर सांगितलेल्या दोन्ही ऑडिओ-टेक्निकांमध्ये प्रीअँप आतच आहे आणि मागे फोनो-लाइन असा खटका आहे. अँप्लिफायरला फोनो इनपुट असेल तर खटका फोनोवर, नाहीतर लाइनवर. आवाज फाटतोय म्हणजे दोन्हीकडचे प्रीअँप चालू आहेत. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल आणि प्लेअरला अर्थची बारीक वायर असेल, तर ती अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का बघा.

छोट्या हॉलला वेगळा अँप्लिफायर हवाच असं नाही. एडिफायर आर१२८०टीसारखे आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर पुरतात, त्यांना दोन आरसीए इनपुट आहेत. ब्लूटूथ असलं तरी जिथे जमेल तिथे वायरच लावा. शंभर रुपयांच्या वायरीने मिळणारा आवाज वाया कशाला घालवायचा?

मांडणीवर मात्र एक अख्खी संध्याकाळ द्या. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच शोकेसवर ठेवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्लायवुडची फळी खर्जाने थरथरते, ती थरथर सुईत शिरते, पुन्हा स्पीकरमधून येते आणि गुंई सुरू होते. जुन्या वाड्यात लाकडी जमीन असेल तर चालतानाही सुई उडते. तिथे भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावणं उत्तम. टर्नटेबल चारही बाजूंनी सपाट आहे का, हे मोबाइलमधल्या लेव्हलने तपासा. वजनाचा हात असेल तर आधी तो हवेत आडवा तरंगेल असं वजन फिरवा, मग आकड्यांची चकती शून्यावर आणा, आणि आता वजन आणि चकती एकत्र फिरवून कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबा. व्हीएम९५ई साठी तो २ ग्रॅम. अँटिस्केटही (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनची चकती) तेवढंच ठेवा. ग्रॅम मोजणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच.

जुना घ्यावा का? पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मोह पडतो. हात हलकेच धरून वर-खाली हलवून बघा, सांध्यात खडखड असेल तर सोडा. पट्टा सैल असेल तर काळजी नको, तो बदलता येतो. पण त्या कार्ट्रिजची सुई आज मिळते का, हे तिथेच उभ्या-उभ्या फोनवर शोधा. अमेरिकेतून नातलगांनी आणलेल्या जुन्या प्लेअरचं वेगळंच दुखणं असतं. १२० व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, पण तिथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. मोटर थेट त्या हर्ट्झवर चालणारी असेल तर ३३⅓ ऐवजी जवळपास २८ फेऱ्या पडतात. मालकंस खाली घसरतो, गायकाचा आवाज ओळखू येत नाही. काही मोटरींना ५० साठीची वेगळी पुली मिळते. ती मिळत असेल तरच घ्या. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरना सहसा ही अडचण नसते, फक्त अडॅप्टर आपल्या विजेचा हवा.

पावसाळ्यात कव्हरवर बुरशी येते. रेकॉर्डी उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मधून सिलिका जेलच्या पुड्या घाला. प्रत्येक बाजू वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा, कारण पंख्याखाली धूळ बसतेच. आणि लाखेच्या ७८ वर स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल कधीही लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

सुईच्या आयुष्यासाठी ऑडिओ-टेक्निका साध्या गोल सुईला सुमारे ५०० तास आणि लंबवर्तुळाकार सुईला ३०० तास सांगते. रोज एक एलपी ऐकली तर पाऊण तास धरा आणि कॅलेंडरवर पुढच्या सुईची तारीख मांडून ठेवा. त्याआधीच ‘स’ फुसफुसायला लागला, रेकॉर्डच्या आतल्या, शेवटच्या भागात तान फाटायला लागली, तर तारखेची वाट बघू नका. सुई मात्र मूळ कंपनीचीच घ्या आणि पाकिटावरचा नंबर जुन्या सुईशी ताडून बघा.