डोंगल साहेबांचं, खण ऑपरेटरचा: डीएससी टोकन वापरताना या चुका टाळा

कुठल्याही कार्यालयात गेलो की मी आधी डोंगल, म्हणजे डीएससीचं (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, संगणकावरच्या सहीचं प्रमाणपत्र) यूएसबी टोकन, उलटं करून बघतो. बऱ्याचदा मागे कागदाची पट्टी चिकटवलेली असते. वर साहेबांचं आडनाव, खाली पिन. पिनही बहुधा १२३४५६७८, म्हणजे टोकन खोक्यातून निघालं तेव्हा होता तोच. तक्रार काय, तर "टोकन दिसत नाहीये." आज ते संगणकाला दिसत नाही, ही तक्रार. गेली दोन वर्षं ते सगळ्यांना दिसतंय, याची तक्रार कुणी करत नाही.

डीएससीचं टोकन म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे. ते स्मार्ट कार्डच आहे. एटीएम कार्डावर सोनेरी चौकोनाखाली असते तशी चिप आणि ती वाचणारा रीडर, दोन्ही एकाच डबीत बसवलेले. सहीची गुप्त किल्ली त्या चिपमध्येच तयार होते आणि तिथून बाहेर निघत नाही. संगणक कागदपत्राचा ठसा आत पाठवतो, चिप आतल्या आत सही करून परत देते. किल्लीची नक्कल काढण्याचा मार्ग बंद केला की गैरवापर करणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात: डबी आणि पिन. त्या दोन्ही आपण एका खणात ठेवतो.

"ऑपरेटरच करतो सगळं"

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती तांत्रिक नाहीच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ सांगतं की किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी सर्टिफिकेटधारकानेच घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली असेल तर विनाविलंब कळवायचं. "मी सही केलीच नाही, ऑपरेटरने केली" हे सांगून सुटका होईल, या भ्रमात राहू नये.

ग्रामपंचायतीचंच बघा. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे द्यायचे तर ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी पोर्टलांवर एकाने देयक तयार करायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, प्रत्येकाने स्वतःच्या डीएससीने. एकाच्या हाती कारभार जाऊ नये म्हणून ही दोन कुलपं. पण सरपंच शेतावर, ग्रामसेवकाकडे तीन गावं, म्हणून दोन्ही टोकनं एकाच टेबलावर आणि दोन्ही पिन एकाच वहीत. मला या माणसांची अडचण कळते. पण मग दुसरं कुलूप ठेवलंच कशाला?

उपाय कंटाळवाणा आहे. टंकलेखन, अपलोड, पडताळणी ही कामं ऑपरेटरने स्वतःच्या लॉगिनने करावीत. सहीसाठी आठवड्यातले दोन ठरावीक तास ठेवावेत, तेव्हा साहेबांनी टोकन खिशातून काढावं, सह्या कराव्यात आणि परत खिशात घालावं. जीएसटीसारख्या पोर्टलवर एकापेक्षा जास्त अधिकृत स्वाक्षरीकर्ते नोंदवता येतात. कामाचा बोजा जास्त असेल तर दुसऱ्या जबाबदार माणसाच्या नावाने डीएससी काढा. एकाच माणसाची सही चार हातांत फिरवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणखी एक. डीएससी काढून देणारा एजंट बहुतेक वेळा त्याच्याच संगणकावर सर्टिफिकेट डाउनलोड करून टोकन तयार देतो. त्याला पिन माहीत असतो. टोकन हातात आलं की पहिलं काम पिन बदलणं, चहा नंतर.

पिन चुकला की थांबा

टोकनचा पिन आणि पोर्टलचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पासवर्ड पिनच्या खिडकीत टाकतात, मग चिडून पुन्हा तोच टाकतात, आणि टोकन ब्लॉक होतं. असं होणं हा बिघाड नव्हे, चिप तशीच बनवलेली असते. अमेरिकी लष्कराचं ओळखपत्र कार्ड तीन चुकीच्या पिननंतर बंद पडतं. आपल्याकडच्या टोकनना किती संधी असतात ते कंपनीवर अवलंबून आहे. दोनदा चुकलं की हात आखडता घ्या, नम लॉक आणि कॅप्स लॉक बघा, पिन बदलला होता का ते आठवा.

खरा घात यानंतर होतो. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट' असं बटण असतं. ब्लॉक झालेलं टोकन त्याने पुन्हा सुरू होतं खरं, पण रिकामं होऊन. सर्टिफिकेट गेलं, किल्ली गेली, आणि ती दुसरीकडे कुठेच नसते. पुन्हा अर्ज, पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा पैसे. ब्लॉक झालं की आधी पुरवठादाराला विचारा. काही टोकन अ‍ॅडमिन पिनने किल्ली शाबूत ठेवून उघडता येतात.

"टोकन दिसत नाही"

इथे लोक थेट ड्रायव्हर पुन्हा टाकत सुटतात. थांबा. आधी टोकनचा दिवा लागतो का बघा. हब किंवा लांब वायर काढून टोकन थेट संगणकाच्या पोर्टला लावा. मग टोकनचं स्वतःचं सॉफ्टवेअर उघडा. त्यात तुमचं नाव आणि मुदत दिसली तर टोकन ठणठणीत आहे, ड्रायव्हरही बरोबर आहे. दुखणं पुढे आहे: ब्राउझर आणि टोकन यांच्यात निरोप पोचवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये.

हा मधला दूत प्रत्येक पोर्टलचा वेगळा. जीएसटीला एमसाइनर लागतो, आयकर पोर्टलला एमब्रिज. तो संगणकात चालू नसेल, अँटिव्हायरसने अडवला असेल, किंवा ब्राउझरने त्याच्यावर विश्वास ठेवलेला नसेल, तर पोर्टल म्हणतं "कनेक्शन होत नाही" आणि दोष टोकनवर येतो. जीएसटीसाठी एमसाइनर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा आणि ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर १५८५ क्रमांकाचं पोर्ट एकदा उघडून सुरक्षेचा इशारा मान्य करा (अंक टाइप करताना अर्थातच इंग्रजी). हा पत्ता तुमच्याच संगणकाचा आहे म्हणून इथे इशारा मान्य केलेला चालतो, इतरत्र ही सवय नको.

जुन्या मार्गदर्शक पीडीएफवर मात्र भरवसा ठेवू नका. "जावा टाका, ब्राउझरमध्ये अ‍ॅपलेट सुरू करा" ही चित्रं अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. क्रोमने ती सोय २०१५ मध्येच काढली आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये.

एका प्रकरणात माझी अख्खी दुपार गेली होती, म्हणून ते सविस्तर सांगतो. टोकन मुख्य संगणकाला लावलेलं, सॉफ्टवेअर नीट, दिवा चालू. शेजारच्या खोलीतून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकावर गेलं की टोकन गायब. दोन ड्रायव्हर बदलले, एक टोकन बदललं, काही नाही. कारण साधं निघालं. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज पलीकडच्या संगणकाला लावलेलं स्मार्ट कार्ड दाखवतच नाही, तुम्ही जिथे बसला आहात तिथलं शोधतं. म्हणजे टोकन स्वतःच्या संगणकाला लावायचं आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये स्मार्ट कार्डाची खूण चालू ठेवायची. एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम पडदाच दाखवतो, त्यामुळे त्यात ही अडचण येत नाही. पण टोकन लावून, पिन फोनवर सांगून, एजंटला एनीडेस्क देऊन जेवायला जाणारेही मी पाहिलेत. त्यांच्यासाठी वर कलम सांगितलंच आहे.

मुदत संपली, टेंडर उघडेना

डीएससीची मुदत एक, दोन किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं. लोक म्हणतात "रिन्यू केली", पण नव्या सर्टिफिकेटसोबत किल्लीही नवी येते. त्यामुळे प्रत्येक पोर्टलवर पुन्हा नोंदणी करावी लागते. हे शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी कळू नये, म्हणून महिनाभर आधीच काम उरकावं.

महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा काढणाऱ्यांनी तर इथे दुप्पट सावध राहावं. तिथे ठेकेदाराची बोली निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्ल्यांनी कुलूपबंद होते. नवं सर्टिफिकेट आलं म्हणून जुनं पुसून टाकलं, तर जुन्या किल्लीने बंद झालेली बोली कोण उघडणार? मुदत संपलेली किल्ली नवी सही करू शकत नसली, तरी जुनं कुलूप तिनेच उघडतं. चालू निविदा पूर्ण उघडल्याशिवाय जुन्या टोकनला हात लावू नका. अधिकाऱ्याची बदली झाली तर कार्यमुक्त करण्याआधी हीच चौकशी करा, नाहीतर टोकन गडचिरोलीला आणि टेंडर इथे.

मोठ्या कचेऱ्यांसाठी थोडं

दाराला लावायचं ओळखपत्र म्हणजे लॉगिनचं स्मार्ट कार्ड नव्हे. मायफेअर क्लासिक जातीच्या कार्डांची सुरक्षा संशोधकांनी २००८ मध्येच मोडून दाखवली. ती आजही अनेक दारांवर टिक करतात. तशा कार्डावर संगणकाचं लॉगिन बेतू नका.

विंडोज डोमेनवर (कचेरीतल्या सगळ्या संगणकांच्या लॉगिनची एकत्र व्यवस्था) कार्डाने लॉगिन असेल आणि एका सकाळी एकालाही आत जाता येत नसेल, तर कार्डांवर संशय घेण्याआधी रद्द सर्टिफिकेटांची यादी बघा. ती यादी शिळी झाली किंवा सर्व्हरपर्यंत पोचली नाही की सगळेच बाहेर राहतात. फेब्रुवारी २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने सर्टिफिकेट आणि खातं यांची पक्की जोडणी सक्तीची केली, त्यातही जुनी कार्डं अडकतात. अशा दिवसासाठी पासवर्डवर चालणारं एक आपत्कालीन खातं बंद पाकिटात, तिजोरीत ठेवलेलं असावं.

आणि कार्डांची नोंदवही ठेवा: क्रमांक, कंपनी, कुणाकडे, मुदत. २०१७ मध्ये इन्फिनियन कंपनीच्या चिपमधल्या किल्ली बनवण्याच्या दोषामुळे एस्टोनियाला सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांची सर्टिफिकेटं थांबवावी लागली. कोणत्या कार्डात कोणती चिप हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते निभावलं. तुमच्या कचेरीत किती टोकनं आहेत, हे आज कुणाला सांगता येईल का?

टोकन हरवलं, तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी रद्द करायला कळवा आणि पोर्टलांवरची नोंदणी काढा. रद्द झालेलं सर्टिफिकेट टोकन सापडलं तरी परत जिवंत होत नाही, त्यामुळे लोक टाळाटाळ करतात. अर्ज करण्याआधी लॅपटॉपची बॅग, गाडीची डिकी आणि ऑपरेटरचा खण शोधा, पण संध्याकाळपर्यंतच.