भुयारी मेट्रो स्टेशनच्या फोटोंवर काळे पट्टे येत होते, ते असे गेले (माझा अनुभव)

मुंबई मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवरच्या गिरगाव स्टेशनचं चित्र करायला घेतलंय. संदर्भासाठी मोबाइलवर काढलेल्या फोटोंत भिंतीवर आणि छतावर फिकट काळे पट्टे यायचे. खांबाची खरी सावली कुठली आणि पट्टा कुठला, रंग लावताना काही कळेना. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

फोन आडव्याचा उभा केला की पट्टेही फिरायचे, म्हणजे ते भिंतीवर नव्हतेच. नाइट मोड, एचडीआर, घरी एडिटिंग: कशानेच फरक पडला नाही.

कारण असं: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेऱ्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) फोटो ओळीओळीने टिपतो. शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, त्याहून जलद असलं, की काही ओळी दिवे मंद असतानाच्या क्षणी टिपल्या जातात.

उपाय याच क्रमाने करा. कॅमेऱ्यात प्रो मोड (यात सेटिंग हाताने बदलता येतात). शटर १/१०० सेकंद, गर्दी नसेल तर १/५०, पण त्यात चालणारी माणसं पुसट येतात. मग आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती प्रतिसाद देतो ते). फोटो उजळ-गडद करायचा तर फक्त हाच बदला, शटरला हात लावू नका. मी एक फोटो दिव्यांसाठी गडद आणि एक सावल्यांसाठी उजळ घेते. शेवटी पांढरा कागद समोर धरून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग) लॉक करा, नाहीतर तीच फरशी एका फोटोत हिरवट आणि दुसऱ्यात पिवळट दिसते.

गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या डिजिटल फलकावर पट्टे राहू शकतात, कारण त्याची लुकलुक वेगळ्या गतीची असते. तेवढा भाग मी जागेवरच स्केच करते.