ऑनलाइन वर्गात आधी प्रश्न टाका, धडा नंतर

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला तो वेगळ्याच पद्धतीने. आधी रुग्णाची केस, मग त्यासाठी लागेल तो अभ्यास. हीच समस्याधारित शिक्षणाची पद्धत. स्क्रीनसमोर पेंगणाऱ्या नववीच्या मुलांवरही ती चालते.

पहिलं काम, प्रश्न लिहिणं. निम्मा वेळ इथेच घालवा. ‘क्षेत्रफळ काढा’ हा प्रश्न नव्हे, गृहपाठ झाला. मी असा देते: ‘पुण्यातल्या एका सोसायटीत मे महिन्यात रोज दोन टँकर येतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवलं तर ते बंद होतील का? चेअरमनना सल्ला द्या.’ आकडे मुद्दाम देत नाही. ते मुलांनीच विचारायचे, शोधायचे.

मग पाच-सहा जणांचे गट करून त्यांना झूमच्या वेगवेगळ्या खोल्यांत पाठवा. प्रत्येक गटाला गूगल डॉकमध्ये तीन रकाने आखून द्या: काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुठे शोधायचं. नोंदी कोण घेणार, हे आधीच ठरवा. नाहीतर पाचही जण माइक बंद करून एकमेकांची वाट बघतात. नेट कच्चं असेल त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.

खोलीत डोकावलात तर उत्तर सांगू नका. हे फार जड जातं, ऑनलाइन शांतता तर खायलाच उठते! ‘हे कशावरून म्हणतोस?’ एवढंच विचारा आणि बाहेर पडा.

शोधाशोधीला दोन-तीन दिवस द्या. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे एकदा सापडलं की गणित पळतं. गच्ची ३०० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, म्हणजे २,१०,००० लिटर. वीस टक्के वाया गेलं असं धरलं तर उरतं १,६८,०००. दहा हजार लिटरचे जेमतेम सतरा टँकर, म्हणजे आठ-नऊ दिवसांची सोय! इथे मुलं गप्प होतात. मग कुणीतरी विचारतं, ‘टीचर, पण एवढं पाणी मेपर्यंत ठेवायचं कुठे?’ बोअरवेल पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचं पाणी बोअरवेलमधून जमिनीत मुरवण्याचा, धडा त्या क्षणी काढा.

शेवटी प्रत्येक गटाने चेअरमनना पाच मिनिटांत सल्ला द्यायचा. चेअरमन तुम्हीच व्हा, आणि पैशांवरून जरा हुज्जतही घाला. गुण देताना उत्तराइतकंच वजन त्या तीन रकान्यांना द्या.