सोलापुरातून मायनर लीग बेसबॉलचा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉल नव्याने पाहू लागलेला माणूस पहिली चूक गुणतक्त्यातच करतो. क्रिकेटच्या सवयीने तो संपूर्ण हंगामाचे जय-पराजय वाचतो आणि सप्टेंबरात चौथ्या क्रमांकाचा संघ प्लेऑफमध्ये दिसला की गोंधळतो. येथे हंगामाचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पूर्वार्ध संपला की सर्वांची पाटी कोरी होते. दोन्ही भागांचे विजेते प्लेऑफला जातात, आणि दोन्ही एकाच संघाने जिंकले तर उरलेली जागा गटातील पुढच्या संघाला मिळते. म्हणून समोरचा तक्ता कोणत्या भागाचा आहे, हे आधी पाहावे.

मेजर लीग ही तेथील सर्वोच्च स्पर्धा; तिच्या 30 क्लबांचे खेळाडू घडवणारे प्रत्येकी चार, असे 120 मायनर लीग संघ असतात. सर्वांच्या मागे न धावता एकाच क्लबाच्या चार संघांची साखळी निवडावी. मी पिट्सबर्ग पायरेट्सची सुचवेन, कारण 2008 मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह (क्रिकेटपटू रिंकू वेगळा) आणि दिनेश पटेल यांना याच क्लबाने करारबद्ध केले होते. ब्रॅडेंटन (सिंगल-ए), ग्रीन्सबोरो (हाय-ए), अल्टूना (डबल-ए) आणि इंडियानापोलिस (ट्रिपल-ए) या तिच्या चढत्या पायऱ्या आहेत.

ही चारही शहरे अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळेनुसार चालतात आणि हंगामात सोलापूर त्यांच्या साडेनऊ तास पुढे असते. म्हणजे तेथील संध्याकाळी 7:05 चा सामना आपल्याकडे पहाटे 4:35 ला सुरू होतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात गच्चीवर झोपणाऱ्याला हे फारसे जड जात नाही. शेजारचे यंत्रमाग खडखडू लागेपर्यंत नऊपैकी तीन-चार इनिंग पाहून होतात. एकाच प्रतिस्पर्ध्याशी साधारणपणे मंगळवार ते रविवार सहा सामने होतात, त्यामुळे आपल्याला मंगळवारी पहाटे निवांत झोपता येते. रविवारचा सामना बहुधा दुपारी असतो. 1:05 चा सामना येथे रात्री 10:35 ला दिसतो. नवख्याने तेथूनच सुरुवात करावी.

आता वही घ्यावी. ग्रीन्सबोरो ज्या हाय-ए स्तरावर खेळतो, तेथे 132 सामने, म्हणजे एका भागात सुमारे 66 असतात. समजा, आघाडीच्या संघाचे 38 विजय व 22 पराभव आहेत आणि आपल्या संघाचे 35 व 25. विजयांतील फरक 3, पराभवांतील 3. बेरजेच्या निम्मे केले की आपण तीन सामने मागे ठरतो. उरलेले सहाही सामने याच दोघांत असतील, तर चार जिंकूनही आपण एका सामन्याने मागेच राहतो; पाच जिंकावे लागतात. पावसाने रद्द झालेला प्रत्येक सामना पुन्हा खेळवला जातोच असे नाही, म्हणून अखेरीस विजयांची टक्केवारी मोजतात.

हाय-एच्या बहुतेक प्लेऑफ फेऱ्या तीन सामन्यांच्या असतात. ट्रिपल-एमध्ये मात्र दोन लीगच्या विजेत्यांचा शेवटचा एकच सामना लास वेगासला होतो. पण खरी मेख संघाच्या यादीत आहे. खेळाडू मूळ क्लबाचे असतात आणि क्लब त्यांना केव्हाही वर बोलावतो. 1 सप्टेंबरला मेजर लीगचे संघ 26 वरून 28 खेळाडूंचे होतात, तेव्हा खालच्या जागाही हलतात. जूनमध्ये लिहिलेल्या यादीशेजारी प्लेऑफच्या आदल्या दिवशीची यादी लिहून पाहावी. पूर्वार्ध जिंकून देणारा ग्रीन्सबोरोचा पिचर कित्येकदा तोवर अल्टूनाच्या मैदानावर चेंडू टाकत असतो.