अशोकाच्या शेजारी मेथी-पालक पेरताय? आधी सावली मोजा

दिवाळी झाली, सकाळी जरा गारवा जाणवायला लागला की फार्महाऊसवाले, घरामागे दोन-चार गुंठे असलेले, बांधालगत घरापुरती भाजी करणारे, सगळे एकदमच मेथी-पालकाच्या मागे लागतात. आणि मग डिसेंबरात ठरलेला प्रश्न येतो, बियाणं चांगलं होतं, पाणी दिलं, खत दिलं, तरी कंपाऊंडकडचा वाफा पिवळट, लांबुडका न् विरळ का? अशा वेळी मी आधी एवढंच विचारतो की कंपाऊंडला काय लावलंय, आणि उत्तर बहुतेक वेळा अशोक हेच असतं. तो उंच, सरळसोट, फांद्या खाली पडलेला अशोक, चार-चार फुटांवर लावलेला, म्हणजे भिंतच की ती.

अशोक वाईट झाड आहे असं नाही म्हणत मी. रस्त्याकडेला असेल तर धूळ अडवतो, वारा अडवतो, त्यामुळे पालकाच्या पानावर मातीचा थर बसत नाही. पण तो सदाहरित आहे, म्हणजे थंडीत पानं गाळून ऊन सोडणारं झाड नाही ते. शेवगा असता तर फांद्या छाटून सहज ऊन मिळालं असतं, अशोक बारा महिने गच्च. भाजीला तर थंडीत रोज पाच-सहा तास थेट ऊन पाहिजेच, कारण आधीच दिवस लहान असतो.

आता घोळ कुठे होतो बघा. बहुतेक लोक वाफे आखतात उन्हाळ्यात, मेमध्ये नांगरट करून घेतली की लगेच. मेच्या मध्यावर पुण्याकडे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो तेव्हाच, त्यामुळे अशोकाची सावली बुंध्यापाशीच पडते आणि वाटतं की अरे, कंपाऊंडपर्यंत जागा मोकळीच आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला एवढा कलतो की पुण्यात दुपारी बारा-साडेबारालासुद्धा सावली झाडाच्या उंचीच्या साधारण 0.9 पट पडते. 30 फुटी अशोक असेल तर उत्तरेकडे 27 फूट सावली. नागपूरकडे जवळजवळ झाडाएवढीच. आणि ही तर दिवसातली सगळ्यात आखूड सावली झाली, सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती याहून कितीतरी लांब असते.

त्यात वास्तूवाले सांगतात की उंच झाडं दक्षिणेला आणि पश्चिमेला लावा. घराला उन्हाचा ताप कमी म्हणून ते ठीकच आहे, पण त्याच झाडांच्या उत्तरेला भाजी केली की भाजीची वाट लागते. माझ्या मते भाजीच्या प्लॉटला अशोक लावायचाच असेल तर पश्चिमेला लावा, एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीला दुपारनंतरची सावली मिळते ती सोन्यासारखी, आणि थंडीत फक्त उतरतीचं ऊन जातं. उत्तरेच्या बांधावर लावला तर तुमचं काहीच बिघडत नाही, बिघडतं शेजाऱ्याचं, तेव्हा आधी त्याला विचारा, उगाच बांधावरून भांडण नको.

दक्षिणेला अशोक आधीच उभा असेल तर काय? पेरायच्या आधी एका दिवसाचं काम करा. तीन काटक्या घ्या, सकाळी नऊला, बाराला आणि तीनला सावलीचं टोक जिथे येतं तिथे एकेक रोवा. नोव्हेंबरात मोजत असाल तर डिसेंबरात सावली आणखी काही फूट लांबते, तेवढं जास्त धरा. तिन्ही वेळा जी जागा सावलीत येते ती सोडून द्या, तिथे कंपोस्टचा खड्डा करा नाहीतर अळू लावा, अळू सावली चालवून घेतं. मेथी तिथे नकोच.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे अशोकाचं नि भाजीचं अजिबात जमत नाही. पालक-मेथीची मुळं वरच्या थरातच असतात, त्यांना थोडं थोडं पण वेळेवर पाणी लागतं, थंडीत जमीन बघून आठ-दहा दिवसांनी हलकं पाणी, उगवेपर्यंत तर वरचा थर ओलाच पाहिजे. तीन-चार वर्षांच्या अशोकाला मात्र काळ्या जमिनीत थंडीभर पाणी नाही दिलं तरी तो हूं की चूं करत नाही, उलट बुंध्यापाशी पाणी साचलं तर मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी सोडतात. म्हणून वाफ्यावर तुषार उडवणारा रेनपाईप आणि अशोकाच्या आळ्यातलं ड्रिप एकाच व्हॉल्व्हवर ठेवू नका. वेगळा कॉक बसवायला काही फार खर्च येत नाही.

अशोकाची बारीक मुळं वाफ्यात शिरून तुमचं खत-पाणी ओढतात हेही लक्षात ठेवा. झाडापासून चार-पाच फूट लांब, फक्त वाफ्याच्या बाजूने, दीड-दोन फूट खोल चर मारला की बराच फरक पडतो. दोन्ही बाजूंनी मारू नका, वादळात झाड आडवं होईल.

पेरणीचं थोडक्यात सांगतो. मेथी असो की पालक, गुंठ्याला साधारण 250 ते 300 ग्रॅम बी. पालकाचं एक बोंड म्हणजे एकच बी नसतं, त्यातून दोन-तीन रोपं निघतात, त्यामुळे दाट टाकू नका, रात्रभर भिजवून मग पेरा. मेथीच्या किलोभर बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगापासून वाचवणारी उपयुक्त बुरशी) आणि नंतर 25 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारं जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा. सगळी मेथी एकाच दिवशी पेरायची नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरत जा, नाहीतर सगळ्या जुड्या एकदमच तयार होतात आणि नेमका तेव्हाच शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा, भाव पडलेला असतो. मेथी महिना-सव्वा महिन्यात मुळासकट उपटायची, पालकाची पहिली कापणीही तेवढ्यातच, मग दर 15-20 दिवसांनी. प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला 400 ग्रॅमच्या आसपास युरिया पुरे.

पण अर्धवट सावलीतल्या वाफ्याला हा युरियाही कमी करा. ऊन कमी आणि नत्र जास्त असलं की पालकाच्या पानात नायट्रेट साचतं, पान दिसायला मस्त गडद हिरवं असतं आणि खायला मात्र चांगलं नसतं. अशा वाफ्याची कापणी सकाळी लवकर करण्यापेक्षा दिवसभर ऊन खाल्ल्यावर दुपारनंतर केलेली बरी.

किडीचं एक. अशोकावर हिरव्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून झाडासकट भाजीवर फवारतात. त्या बहुतेक वेळा फुलपाखराच्या असतात, आणि हा अशोक सीताफळाच्या कुळातला असल्यामुळे गेल्याच तर त्या सीताफळावर जातील, पालकाला तोंड लावणार नाहीत. पालकावरची पानं खाणारी अळी वेगळी, तिचा पतंग पानामागे पुंजक्याने अंडी घालतो, ती पानंच तोडून नष्ट करा. मावा आला तर 5 टक्के निंबोळी अर्क. पानंच खायची आहेत तर कडक औषध मारू नका.

गळलेली अशोकाची पानं वाफ्यात टाकू नका, चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. तुकडे करून शेणकाल्यात मुरवली तर पावसाळ्यापर्यंत कामाला येतात.

आणि शेंडा छाटायचा विचार असेल तर आत्ताच छाटा, दहा-बारा फुटांवर, थंडीत फूट मंद असते म्हणून निदान हा हंगाम तरी ऊन मिळतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर 1975 चा वृक्ष कायदा लागू होतो, कुऱ्हाड लावायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या.