बिल्ड टूलच्या सेटअप सूचना तपासताना या चुका टाळा

नवा माणूस एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचं रीडमी, म्हणजे माहिती आणि सूचनांची फाइल, उघडतो, त्यातल्या कमांड एकामागून एक चालवतो आणि तिसऱ्याच कमांडला एरर येते. आपल्यालाच जमलं नाही असं त्याला वाटतं. बरेच जण इश्यू टाकत नाहीत, कुणाला विचारत नाहीत, सरळ निघून जातात. सूचना लिहिणाऱ्यानं त्या तपासलेल्या असतात, पण स्वतःच्या मशीनवर. वर्षानुवर्षं वापरलेल्या मशीनवर अर्धवट सूचनाही चालून जातात आणि सगळा घोळ तिथेच होतो. पुढची उदाहरणं मेव्हन आणि ग्रेडल या जावाच्या बिल्ड टूलची, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या आणून कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनांची आहेत, पण दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

भरलेल्या कॅशेवर तपासणी

मेव्हन डाउनलोड केलेली प्रत्येक लायब्ररी होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'एमटू' फोल्डरात साठवतं, हाच त्याचा कॅशे. तुम्ही शेजारच्या एखाद्या मॉड्यूलवर कधीकाळी 'एमव्हीएन इन्स्टॉल' चालवलं असेल, तर त्याची स्नॅपशॉट (अजून काम चालू असलेली) आवृत्तीही तिथेच पडून असते. तुमचा बिल्ड ती गुपचूप उचलतो आणि हिरवा होतो, म्हणजे यशस्वी ठरतो. नव्या माणसाला मात्र 'कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज' मिळतं, कारण ती आवृत्ती तुमच्या मशीनबाहेर कुठेच नाही.

यावर 'मेव्हन डॉट रेपो डॉट लोकल' ही प्रॉपर्टी रिकाम्या फोल्डरकडे वळवायचा उपाय सांगितला जातो. उपाय चांगला आहे, पण अर्धा आहे. लायब्रऱ्यांचा साठा बदलला तरी सेटिंग्ज एक्सएमएल फाइल जुन्याच जागेवरून वाचली जाते. त्या फाइलीत कंपनीचा मिरर (लायब्रऱ्यांची नक्कल ठेवणारा सर्व्हर) किंवा खाजगी रिपॉझिटरीचा पासवर्ड असेल, तर तोही तपासणीत येतो आणि सूचनेतली उणीव झाकतो. म्हणून 'वजा एस' हा पर्याय देऊन, फक्त रिकामा सेटिंग्ज टॅग असलेली वेगळी फाइल वापरायला लावा.

ग्रेडलमध्ये हे काम सोपं आहे. 'ग्रेडल यूजर होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकाम्या फोल्डरकडे वळवलं की कॅशे, तुमच्या खाजगी प्रॉपर्टीज आणि इनिट स्क्रिप्ट (प्रत्येक बिल्डआधी चालणाऱ्या) हे सगळं एकदम बाजूला पडतं. बिल्ड फाइलीत 'मेव्हन लोकल' लिहिलेलं असेल, तर मात्र ग्रेडलही त्या एमटू फोल्डरात डोकावतं. तेवढं आधी शोधून बघा.

कंटेनर घेतला की झालं, असं समजणं

कंटेनर म्हणजे मशीनपासून वेगळं ठेवलेलं वातावरण. ते चालवणाऱ्या डॉकरमध्ये उबुंटू लिनक्सची कोरी इमेज (तयार साचा) उचलणं ही उत्तम सुरुवात आहे. पण त्या इमेजमध्ये सुडो (अॅडमिनच्या अधिकारानं कमांड चालवणारं) नसतं, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं) नसतं, कर्ल (फाइली डाउनलोड करणारं) नसतं. सूचनेत 'सुडो एपीटी इन्स्टॉल' लिहिलेलं असतं (एपीटी हे उबुंटूचं इन्स्टॉलर), तपासणाऱ्याला 'कमांड नॉट फाउंड' दिसतं आणि तो सुडो काढून पुढे जातो. त्या क्षणी तो दुसरीच सूचना तपासायला लागलेला असतो. शिवाय कंटेनरात आपण रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, असतो, त्यामुळे परवानगीच्या अडचणी समोरच येत नाहीत. आधी साधा यूजर तयार करा, त्याला सुडो द्या आणि मग पहिल्या ओळीपासून सुरू करा. विंडोज आणि मॅकसाठी या कंटेनरचा उपयोग नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन किंवा कुणाचा तरी नवा लॅपटॉपच हवा. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल (कमांड वाचणारा प्रोग्राम) बॅश नाही, झेडएसएच आहे. 'बॅश प्रोफाइलमध्ये जावा होम लिहा' ही जुनी सूचना त्या शेलमध्ये कुठलीही एरर न देता निकामी ठरते.

'जावा आणि ग्रेडल इन्स्टॉल करा' एवढंच लिहिणं

कुठलं जावा? कुठलं ग्रेडल? उबुंटू 22.04 वर एपीटीनं ग्रेडल घेतलं तर 4.4.1 ही आवृत्ती मिळते, म्हणजे 2017 सालची. आजच्या बहुतेक बिल्ड फाइली तिला वाचताच येणार नाहीत. म्हणून ग्रेडल वेगळं इन्स्टॉल करायला सांगूच नका, प्रकल्पातली रॅपर स्क्रिप्ट चालवायला सांगा. ती ठरलेली आवृत्ती स्वतः उतरवून घेते.

जावाची आवृत्ती मात्र आकड्यासकट लिहायलाच हवी, वरची मर्यादाही द्यायला हवी. 'जावा 11 किंवा पुढचं' वाचून माणूस जावा 21 टाकतो, रॅपरमध्ये ग्रेडल 7.6 असतं आणि समोर येतं 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65'. या आकड्यातून 44 वजा करा, जावाची आवृत्ती मिळते: 65 म्हणजे जावा 21, 61 म्हणजे 17, 52 म्हणजे 8. जावा 17 वर चालायला ग्रेडल 7.3 लागतं आणि जावा 21 वर चालायला 8.5. मेव्हननं 'नो कंपायलर इज प्रोव्हायडेड' अशी तक्रार केली, तर जेडीकेऐवजी (कंपायलरसकट जावा) नुसतं जेआरई (फक्त प्रोग्राम चालवणारं जावा) टाकलेलं असतं. तेव्हा सूचनेत 'जावा' असं मोघम न लिहिता 'जेडीके' लिहा.

आपल्याच कामाच्या फोल्डरात तपासणं

गिटमध्ये न गेलेल्या फाइली तुमच्या फोल्डरात असतात, क्लोनमध्ये, म्हणजे गिटमधून घेतलेल्या नव्या प्रतीत, नसतात. नेहमीचं उदाहरण रॅपरचंच आहे. गिट इग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत) कुणीतरी सरसकट सगळ्या जार फाइली (जावाचा तयार कोड) टाकतो आणि त्यात रॅपरची जारही जाते. तुमच्याकडे ती असतेच. नव्या क्लोनमध्ये 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास', पुढे 'ग्रेडल रॅपर मेन' असं नाव येतं आणि वाचणारा जावा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. अँड्रॉइड प्रकल्पात 'लोकल प्रॉपर्टीज' फाइलीची हीच गत. एसडीकेचा (अँड्रॉइडच्या साधनसंचाचा) पत्ता तिच्यात असतो आणि ती गिटमध्ये टाकायची नसते, तेव्हा तो कसा द्यायचा हे सूचनेत लिहावंच लागतं. विंडोजवरून कमिट केलेली रॅपर स्क्रिप्ट लिनक्सवर 'परमिशन डिनाइड' देते, कारण एक्झिक्यूट परवानगीची नोंद गिटमध्ये झालेलीच नसते.

दर वेळी नवा क्लोन घ्या. नावात स्पेस असलेल्या फोल्डरात एकदा मुद्दाम घ्या. कितीतरी स्क्रिप्ट तिथेच कोलमडतात.

मनातून भर घालत वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. अनुभवी माणूस सूचना वाचतो तेव्हा न लिहिलेली पायरीही त्याचे हात करून टाकतात. क्लोन झाल्यावर फोल्डरात शिरणं, व्हेरिएबल बदलल्यावर टर्मिनल नव्यानं उघडणं, सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे गिट प्रकल्प) आणणं, यातलं काहीच त्याला 'पायरी' वाटत नाही. म्हणून कमांड टाइप करू नका, पानावरून जशीच्या तशी कॉपी करा. मग ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्हही कॉपी होतं का, वर्ड प्रोसेसरनं दोन हायफनचा एक लांब डॅश केलाय का, सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालीत का, हे लगेच कळतं.

टीममध्ये नवीन कुणी रुजू होत असेल तर ती संधी सोडू नका. त्याच्या शेजारी बसा आणि बोलू नका. तो जिथे थांबतो, दुसरी टॅब उघडतो किंवा 'इथे काय टाकायचं?' असं विचारतो, तेवढ्याच जागा टिपून ठेवा. उत्तर त्याला तोंडी दिलंत की ते सूचनेत कधीच येत नाही.

सीआय हिरवं आहे म्हणून निश्चिंत राहणं

सीआय म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणारी व्यवस्था. त्यातल्या गिटहब अॅक्शन्सच्या उबुंटू रनरवर (बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर) अनेक जेडीके, मेव्हन, ग्रेडल, अँड्रॉइड एसडीके सगळं आधीच टाकलेलं असतं. शिवाय सीआय त्याची स्वतःची वायएएमएल सेटिंग फाइल चालवतं, तुमचं रीडमी नाही. रीडमीतले कमांडचे भाग एखाद्या छोट्या स्क्रिप्टनं वेगळे काढा, कोऱ्या इमेजवर तेच चालवा आणि कोडमध्ये बदल नसला तरी दर आठवड्याला चालवा. कारण कोड जागेवर राहतो, बाहेरचं जग राहत नाही. मेव्हन सेंट्रल या लायब्रऱ्यांच्या सार्वजनिक साठ्यानं 15 जानेवारी 2020 पासून साधं एचटीटीपी बंद केलं आणि तोवर चालणारे बिल्ड 501 ही एरर देऊ लागले. जेसेंटर हा तसाच दुसरा साठा बंद होणार हे 2021 मध्ये जाहीर झालं, तरी जुन्या ट्युटोरियलांत ते अजून सापडतं.

तपासताना आलेली प्रत्येक एरर सूचनेच्या शेवटी 'अडचणी' या भागात उपायासकट लिहा. स्क्रीनशॉट लावू नका, एररचा मजकूर अक्षरशः जसाच्या तसा टाका. अडकलेला माणूस तोच मजकूर सर्चमध्ये चिकटवणार आहे.