मोठ्या पावसानंतर ट्रेलवर सायकल कधी घालायची, कधी नाही

रेड अलर्ट संपला आणि जरा ऊन दिसलं की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "उद्या सकाळी कानिफनाथच्या डोंगरावर, कोण कोण येतंय?" आणि मला दरवेळी वाटतं की अरे थांबा, अजून दोन दिवस तरी थांबा. पाऊस थांबला म्हणजे डोंगर थांबला असं नसतं ना. वर पडलेलं पाणी आत मुरत असतं, उतारावरची माती जड झालेली असते, झाडांची मुळं सैल झालेली असतात, आणि हे सगळं आभाळ निळं झाल्यावरही चालूच राहतं. पुणे आणि आजूबाजूच्या सह्याद्रीत राइड करताना मी ज्या गोष्टी बघून ठरवतो त्या इथे लिहितोय, वळीव असो, चक्रीवादळ असो किंवा जुलैतला धुवाधार.

आधी बंदीचं बघा, कारण त्यात आपल्या मताचा प्रश्नच येत नाही. जून 2024 मध्ये भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधबे, धरणं, गड, घाट अशा ठिकाणी कलेक्टरचे मनाईचे आदेश निघाले. पूर्वी ह्याला लोक 144 म्हणायचे, आता नवीन कायद्यात ते कलम 163 आहे. पावसाळ्यात असा आदेश आला की फक्त हेडलाइन वाचून सोडू नका, पूर्ण वाचा, कुठला तालुका, कुठली ठिकाणं, किती तारखेपर्यंत, कारण बऱ्याचदा मुदत वाढवली जाते आणि आपल्याकडे फिरत असतो जुना फॉरवर्ड. वनखात्याचं वेगळं असतं. भीमाशंकर, ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत, तिथे परवानगीशिवाय आत सायकल न्यायचीच नाही, पाऊस असो नसो. सिंहगडाच्या रस्त्यावर दरड आली की तो बंद करतात, वरंध घाटाचंही दर पावसाळ्यात असंच. शंका असेल तर वनखात्याची हॅलो फॉरेस्ट हेल्पलाइन आहे 1926, फोन करून विचारा.

पण खरी गोची अशी की आपण जिथे राइड करतो त्यातल्या बहुतेक वाटा कुणाच्याच यादीत नसतात. गुरांची वाट, शेताच्या बांधावरून जाणारी पायवाट, टेकडीवरची मुरमाची वाट. तिथे ना बोर्ड लागतो ना टेप. म्हणजे ती बंद आहे का हे आपणच ठरवायचं, आणि त्यासाठी गावातला माणूस सगळ्यात भारी. चहाच्या टपरीवर विचारा, गुराखी दिसला तर त्याला विचारा, "मामा, वरची वाट कशीये, काय पडलंय का?" गुरं त्या बाजूला नेत नसतील तर आपणही नाही जायचं, एवढं सोपं आहे. आणि भातखाचरं लावलेली असताना बांधावरून सायकल अजिबात नको, बांध फुटला तर त्या माणसाचं अख्ख्या खाचराचं पाणी जातं.

आता पाऊस किती पडला ते. हवामान खात्याच्या हिशेबात 24 तासांत 64.5 मिमीच्या वर म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अतिजोरदार, आणि 204.4 च्या पुढे अत्यंत जोरदार. हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, त्यामुळे रविवारच्या नावावर लागलेला आकडा खरं तर बराचसा शनिवारचा पाऊस असतो, हे लक्षात ठेवा. आणि पुणे शहराचा आकडा बघून ताम्हिणीचा अंदाज कधीच बांधू नका. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांचा पाऊस 594 मिमी नोंदवला गेला, आदल्या संध्याकाळी तळिये गावावर दरड आली होती, आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. त्यामुळे मी कधी एका दिवसाचा आकडा बघत नाही, मागच्या तीन-चार दिवसांची बेरीज बघतो. सलग पाऊस झालेला असेल तर तीव्र उताराखालच्या वाटा सरळ यादीतून काढून टाकतो, मग त्या दिवशी कितीही कोरडं दिसू दे.

मातीवर मात्र जरा वेळ घालवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मुरमाची टेकडी, म्हणजे वेताळ टेकडी वगैरे, पाणी पटकन सोडते, एक दिवस कडक ऊन मिळालं की बऱ्यापैकी चालते. काळी माती अजिबात नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि सोडायला आठवडा घेते, वरून पापडी धरून कोरडी दिसते आणि आत लोणी. महाबळेश्वर-कोकणाकडचा जांभा दगड वेगळाच, सड्यावर म्हणजे वरच्या सपाट कातळावर पाणी साचून राहतं आणि दगडावर शेवाळ धरतं, तिथे टायर कितीही महाग असला तरी पकड मिळत नाही, उतरून चालायचं. मी काय करतो, ट्रेलच्या तोंडाशी सायकल आडवी ठेवतो आणि वाटेच्या मधोमध अंगठा दाबतो. पहिलं पेर सहज आत गेलं तर परत. मग चिमूटभर माती घेऊन तळहातावर पेन्सिलएवढी सुरळी वळतो. ती तुटून भुगा झाली तर छान, अख्खी वळली आणि वाकवली तरी तुटत नसेल तर अजून ओलच आहे. तरी मन ऐकत नसेल तर वीसेक पावलं सायकल नुसती ढकलत न्या आणि मागे वळून बघा. टायरचा ठसा खोल उमटलाय, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, कमानीत माती अडकून चाक जाम होतंय, म्हणजे उत्तर मिळालं.

हे मी एवढं ताणून का सांगतोय तर ओल्या वाटेवर टायरने पडलेली चरी नुसती चरी राहत नाही. पुढचा पाऊस नेमका त्याच चरीतून धावतो, बारीक माती वाहून जाते, उघडे धोंडे राहतात, आणि ऑक्टोबरपर्यंत आपल्या लाडक्या सिंगल ट्रॅकचा, म्हणजे एका सायकलपुरत्या अरुंद वाटेचा, नाला झालेला असतो. मग लोक बाजूने गवतातून जायला लागतात, तिथे दुसरी चरी, मग तिसरी. पाच मिनिटांची राइड आणि वाट दोन-तीन वर्षं खराब. जिथे थोडंसं डबकं आहे तिथे मधूनच जा, हळू, ब्रेक न दाबता. कडेने गेलात की वाट रुंद होत जाते.

पाऊस जास्त झालेला असेल तर पहिली फेरी पायी मारायची, हा माझा आग्रह आहे. चालताना उताराला आडव्या नव्या भेगा दिसतात का ते बघा, म्हणजे डोंगराच्या कडेने समांतर गेलेली ताजी चीर, काल नव्हती आणि आज बोट जातंय अशी. झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कललेत का, जिथे कधी पाणी नव्हतं तिथून झरा फुटलाय का, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय किंवा पाऊस चालू असताना एकदम कमी झालंय का. ह्यातलं एक जरी दिसलं तर फोटो काढत बसू नका, बाजूच्या दांडावरून लांब व्हा आणि खालच्या वस्तीला, पोलीस पाटलांना सांगा. माळीणवर दरड 2014 ला आली, इर्शाळवाडीवर 2023 ला, दोन्ही जुलैमध्ये, दोन्ही आदिवासी वस्त्या. आपण तिथे दोन तास मजा करायला जातो, ती माणसं तिथे झोपतात, त्यामुळे दिसलेली भेग सांगणं हे आपलं काम आहेच.

झाडांचं पण बघा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, पण झाडं पुण्यातही पडली. टेकड्यांवर लावलेलं गिरिपुष्पाचं झाड वाऱ्यात फार मोडतं. खाली पडलेलं झाड दिसतं तरी, खरी भीती वर अडकलेल्या फांदीची, ती दोन-तीन दिवसांनी साध्या झुळुकीने पण खाली येते, तेव्हा थांबायचं असेल तर आधी मान वर करून बघा. पडलेल्या झाडात वायर दिसली तर ती मेलेली आहे असं कधीच धरू नका, लांब राहा आणि वीज कंपनीच्या 1912 ला कळवा. वनखात्याच्या जमिनीवरचं झाड स्वतः कोयता-करवत घेऊन कापायचं नाही, पडलेलं असलं तरी. वनरक्षकाला सांगा, ते बऱ्याचदा मदतीला या असंच म्हणतात. वाटेवरचे सुटे दगड, काटक्या बाजूला करणं, तुंबलेली चर पायाने मोकळी करून पाणी वाटेवरून बाहेर काढून देणं, एवढं नक्की करा.

ओढा असेल तर नियम एकच, तळ दिसत नसेल तर ओलांडायचा नाही. गुडघ्याच्या खाली आहे म्हणून लोक उतरतात आणि सायकलच्या चाकाला पाण्याचा जोर लागून माणूस आडवा होतो. वर पाऊस चालू असेल तर परत येताना तोच ओढा कमरेएवढा झालेला असू शकतो, त्यामुळे जाण्याआधी परतीचा विचार करा. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरणं टाळाच, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) ह्याच दिवसांत होतो, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

सायकलचं थोडक्यात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, पुढचा मडगार्ड लावाच, डोळ्यात चिखल गेला की उतारावर काही दिसत नाही. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघा, ऑरगॅनिक पॅड चिखलात एका राइडमध्येसुद्धा संपू शकतात, मेटल पॅड जास्त टिकतात. घरी आल्यावर प्रेशर वॉशरची धार हब (चाकाचा मधला भाग) आणि बीबीवर (पेडलच्या आसाचं बेअरिंग) मारू नका, बादली आणि ब्रश पुरे, मग चेन पुसून ल्यूब, म्हणजे वंगण.

आणि जाऊन आलात की ग्रुपवर नुसतं "मस्त ट्रेल" असं नका टाकू. तारीख, वेळ, कुठपर्यंत गेलात, कुठे झाड आडवं आहे, कुठे माती ओली आहे, ओढ्याला पाणी किती, आणि परत फिरलात तर कुठून फिरलात ते लिहा, सोबत वाटेचा एक फोटो, सेल्फी नाही. दोन दिवस झाले की तो मेसेज जुना समजायचा.